उपासाची पिशवी

युसूफ बागवान गेल्या मे महिन्यात, एका सोमवारी सकाळी, विश्रांतवाडीतल्या राहत्या घरी वारले. त्या दिवशी त्यांचं डायलिसिस होतं. ते कपडे करून, चपला घालून, दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. मुलगा इम्रान खाली गाडी काढत होता. हाक मारूनही वडील उतरले नाहीत म्हणून तो वर गेला, तेव्हा ते त्याच खुर्चीवर होते आणि त्यांचा श्वास थांबलेला होता. वय एकाहत्तर.

आळंदी रस्त्यावर त्यांचं फळांचं दुकान आहे. बागवानांचा पिढीजात धंदा फळांचा. आजोबांचा गाळा मंडईत होता, वडीलही तिथेच बसले. युसूफभाई लग्नानंतर विश्रांतवाडीला आले, तेव्हा दुकानासमोर मोकळं माळरान होतं. आता तिथे सोसायट्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक घरांत त्यांच्याकडची फळं जातात. मधुमेह त्यांना पन्नाशीच्या आधीच झाला होता. पुढे रक्तदाब आला आणि दोन्हींनी मिळून किडन्या संपवल्या. शेवटची काही वर्षं ते आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, एका धर्मादाय रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात येत. त्यांची खाट खिडकीजवळ होती. तिच्या शेजारची खाट माझी. मी एका वर्तमानपत्रात लिहितो.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. हातात सुया, डोळे मिटलेले. माझ्या बहिणीने खाटेखाली एक कापडी पिशवी ठेवली होती.

"पिशवीत मोसंबी आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. "खालचं एक दबलंय. कुणी आणली?"

बहीण म्हणाली, "मी. अशक्तपणा आलाय ना त्याला."

"तुमच्या भावासाठी असेल तर सिस्टरला देऊन टाका. सिस्टरच्या किडन्या चांगल्या आहेत."

सिस्टर अलका मशीनपाशी उभी होती. ती म्हणाली, "चाचा, गिऱ्हाईक पळवता का?"

"पळवत नाही, टिकवतो. मेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही."

डायलिसिसवरच्या माणसाला फळ का चालत नाही, हे बाहेरच्यांना पटत नाही. फळ म्हणजे ताकद, आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू. पण फळांमध्ये, कंदांमध्ये, सुक्या मेव्यात, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकते. किडनी बंद पडली की ते रक्तात साठत जातं, आणि एका मर्यादेपुढे गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात. मशीन ते काढून टाकतं, पण मशीन आठवड्यातून तीनच दिवस असतं. शुक्रवार ते सोमवार हे अंतर सर्वात लांब. त्या दोन दिवसांत तोंडावर ताबा ठेवायचा, हे प्रत्येक रुग्णाला पहिल्या आठवड्यात सांगितलं जातं. सफरचंद, पेअर, अननसाची एखादी फोड एवढं थोडक्यात चालतं. केळं, चिकू, आंबा, मोसंबी, खजूर, शहाळं नाही.

युसूफभाईंच्या दुकानातला बहुतेक माल या दुसऱ्या यादीतला होता. "माझं सगळं दुकानच मला मना आहे," ते म्हणत. "सोनाराला सोन्याची ॲलर्जी व्हावी तसं."

त्यांची एक सवय विभागात सगळ्यांना माहीत होती. डायलिसिससाठी हातातली एक शीर छोट्या शस्त्रक्रियेने धमनीला जोडतात. तिला फिस्टुला म्हणतात. ती शीर फुगते, दणकट होते, आणि तिच्यातच सुया घालतात. ती चालू असेल तर तिच्यावर बोट ठेवल्यावर बारीक थरथर जाणवते. थरथर थांबली तर शीर बंद पडली, म्हणून रुग्णाने ती रोज तपासायची असते. बाकीचे बोट ठेवून पाहतात. युसूफभाई डावा हात उचलून कानाला लावत, मान थोडी तिरकी करून, कलिंगड पाहतात तसं. पुरेसं ऐकलं की हात खाली घेऊन सांगत, "गोड आहे."

खाटेवर जाण्याआधी वजन होई. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. एका सोमवारी त्यांचं वजन बरंच वाढलेलं निघालं. डॉ. साठे त्या वेळी फेरीवर होत्या. विभागाच्या मुख्य त्याच. बोलणं मोजकं आणि कोरडं.

"युसूफभाई, हे काय आहे?"

"कलिंगड असेल मॅडम. मध्यम आकाराचं."

"खाल्लं?"

"नाही. पण वजन तेवढंच आहे."

"मग ते पाण्याच्या रूपाने प्यायलात. पुढच्या वेळी लिंबाएवढं आणा."

त्यावर त्यांनी मान खाली घातली आणि पुढच्या खेपेला खरोखरच कमी वजन आणलं. डॉक्टरांचं ऐकायचं, हा त्यांचा नियम होता. कारण त्यांनी एकदा सांगितलं होतं. "माल कधी उतरला हे दलालाला माहीत असतं. आपण वरून हात लावून अंदाज करतो. अंदाजावर दुकान चालतं, शरीर नाही."

रमजानमध्ये ते रोजे ठेवत नसत. आजाऱ्याला सूट आहे, असं मशिदीतल्या मौलानांनी सांगितलं होतं आणि डॉ. साठेंनी तर बजावलंच होतं. पण संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी ते दुकानातल्या सगळ्यांना गोल बसवत आणि प्रत्येकाच्या हातावर स्वतः खजूर ठेवत. स्वतःच्या हातावर ठेवत नसत. मी एकदा विचारलं, वाईट वाटत नाही का. "वाटतं," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी उठून आत गेलो होतो. मग वाटलं, खाणाऱ्याच्या हातावर ठेवणारा पण कुणीतरी पाहिजे. तेवढं काम माझ्याकडे राहिलंय, ते का सोडू?"

समोरच्या खाटेवर फुलाबाई येत. धानोरीच्या. गाव शहरात आलं, जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, पण फुलाबाईंच्या डोक्यावरचा पदर आणि बोलणं गावाचंच राहिलं. युसूफभाईंपेक्षा त्या चार वर्षांनी लहान. तरी ते त्यांना आक्का म्हणत आणि त्या त्यांना भाऊ. दोघांचं चार तास बोलणं चाले. विषय बहुधा पिकांचा. धानोरीत पूर्वी पेरूची बाग कुठे होती, कुणाच्या विहिरीवर सीताफळं होती. दोघांनाही आता त्यातलं काही खाता येत नव्हतं. त्यामुळे बोलण्यात खंड पडत नसे.

उपवासाच्या आदल्या दिवशी युसूफभाईंच्या दुकानात एक काम असे. एकादशी, संकष्टी, महाशिवरात्र, नवरात्र, या सगळ्या तिथी त्यांना पाठ होत्या. जुन्या गिऱ्हाइकांच्या पिशव्या ते सांगायच्या आत भरून ठेवत. केळी, रताळी, खजूर, चिकू, एक शहाळं. तिला दुकानात 'उपासाची पिशवी' म्हणत. पिशव्या इम्रान भरत असे, पण काही पिशव्या युसूफभाई कुणालाही भरू देत नसत. फुलाबाईंच्या घरची पिशवी त्यातली. विभागात ओळख झाल्यापासून ती दर मोठ्या उपवासाला धानोरीला जाई. घर मोठं होतं, माणसं नऊ. पिशवी घरासाठी जाते, असं युसूफभाईंच्या मनात होतं.

एका वर्षी महाशिवरात्र रविवारी आली. सोमवारी सकाळी फुलाबाईंना सून सुवर्णा आणि रिक्षावाला असे दोघे धरून घेऊन आले. पाय उचलत नव्हते. तोंडावर घाम होता. सिस्टर अलकाने हृदयाचा आलेख काढला आणि कागद हातात येताच ती डॉ. साठेंना बोलवायला पळाली. तिला पळताना आम्ही त्याआधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर आल्या. शिरेतून एक इंजेक्शन हळूहळू दिलं गेलं, मग दुसरं, आणि त्यांना लगेच मशीनवर घेतलं. रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम सात पूर्णांक सहा. साडेपाचच्या पुढे काळजी सुरू होते.

तासाभराने आलेख सुधारला. डॉ. साठे स्टूल ओढून खाटेपाशी बसल्या.

"फुलाबाई, काल काय खाल्लं?"

"काय न्हाई बाई. उपास व्हता."

"उपासाला काय खाल्लं?"

"काय न्हाई म्हनलं ना. उपासच व्हता."

डॉक्टरांनी सुनेकडे पाहिलं. सुवर्णाने सांगायला सुरुवात केली. सकाळी बटाट्याचा कीस. दुपारी भगर, शेंगदाण्याची आमटी. रताळ्याच्या गोड चकत्या, त्या त्यांना आवडतात म्हणून दोनदा. मध्ये दोन केळी. संध्याकाळी खजूर. उन्हाचा ताप झाला म्हणून शहाळं.

"एकादशी दुप्पट खाशी ऐकलं होतं," डॉ. साठे म्हणाल्या. "शिवरात्रीला किती पट, ते आज कळलं. बाई, तुमच्या घरात विष ठेवलेलं नव्हतं म्हणून बरं. हे तेवढंच काम करतं. तुम्हाला हा तक्ता दिला नव्हता का मी, काय खायचं नाही याचा?"

फुलाबाईंचा आवाज बारीक निघाला. "दिला व्हता. पर पिशवी भाऊंनी भरलेली. त्ये बी मशीनवरचं मानूस. त्यांनी भरली म्हंजी चालत आसंल, आसं वाटलं."

युसूफभाई समोरच पाहत होते. हातात सुया असल्यामुळे त्यांना उठता येत नव्हतं. सुया काढल्यावर दाब देऊन धरायचा कापसाचा बोळाही त्यांनी नीट धरला नाही, सदऱ्यावर रक्त आलं. जाताना फुलाबाईंच्या खाटेपाशी थांबले.

"आक्का, चूक माझी."

"तुमची कशी? तोंड माजं व्हतं."

"हात माझा होता."

डॉ. साठेंनी त्या दिवशी उपवास बंद केले. सगळे. पुन्हा असं झालं तर रुग्णालयापर्यंत पोचेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही, हे त्यांनी सुवर्णाला बाजूला घेऊन सांगितलं आणि मग फुलाबाईंनाही. फुलाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मशीन सोडीन बाई. चतुर्थी सोडनार न्हाई."

त्यामागची हकिगत विभागात अनेकांना माहीत होती. त्यांचा थोरला मुलगा लहानपणी विहिरीत पडला होता. वर काढला तेव्हा हालचाल नव्हती. मग त्याने श्वास घेतला. त्या दिवशी त्यांनी गणपतीला बोललेलं, की जगेन तोवर संकष्टी करीन. मुलगा आता पन्नाशीला आला आहे, बांधकामाचा व्यवसाय करतो. संकष्टी एकदाही चुकलेली नव्हती. शिवरात्र, एकादशी मागाहून जोडल्या गेल्या. त्या सोडायला त्या तयार झाल्या असत्या. संकष्टीचं मात्र बोलूच नका, म्हणाल्या.

बुधवारी फुलाबाई आल्या नाहीत.

सिस्टर अलकाने फोन केला. सुवर्णा म्हणाली, यायचं नाही म्हणतात, अंघोळ करून देवापाशी बसल्यात. बुधवारी चुकलं तर शुक्रवार उजाडेपर्यंत काय होईल ते सोमवारच्या आलेखावरून सगळ्यांनाच कळत होतं. मुलाने आईला समजावून पाहिलं होतं. तो ज्याच्या नावाने हा उपवास चालू होता तोच असल्यामुळे त्याचं बोलणं तिथे चालत नव्हतं.

युसूफभाईंनी स्वतःचं डायलिसिस पूर्ण केलं. त्यानंतर माणूस घरी जाऊन झोपतो, अंगात त्राण नसतं. ते इम्रानला म्हणाले, "गाडी धानोरीला घे." मी त्यांच्या सोबत जायचं ठरलं नव्हतं, पण आमचं घर त्याच वाटेवर असल्यामुळे ते मला नेहमी सोडत, आणि त्या दिवशी त्यांनी मला सोडलं नाही.

फुलाबाई ओसरीवर बसल्या होत्या. पाय सुजायला लागले होते. युसूफभाई पायरीवरच टेकले. सुवर्णाने सवयीने पाण्याचे दोन तांबे आणले आणि आमच्याकडे पाहून परत आत नेले.

"भाऊ, तुमी पन सांगाया आला आसाल तर चहा घ्या आन् जावा."

"चहा पण मोजून पितो मी, आक्का. अर्धा कप. सांगायला नाही, विचारायला आलोय."

"इचारा."

"उपास देवासाठी आहे की रताळ्यासाठी?"

फुलाबाई चिडल्या. "ह्यो काय प्रश्न झाला?"

"देवाला तुम्ही काय बोललात? उपास करीन बोललात. रताळी खाईन असं बोलला होतात का?"

"रताळ्याबिगर उपास व्हतो व्हय?"

"मी खजुराशिवाय रमजान काढतो. दुकानात पोती पडलीत खजुराची. देव ओळखतो मला अजून. दर शुक्रवारी विचारतो, काय बागवान, कसं काय."

त्या हसल्या नाहीत, पण पदर नीट केला. युसूफभाई पुढे म्हणाले, "पिशवी मी भरली होती, तिने तुम्हाला मारायला घेतलं. आता दुसरी पिशवी भरून देतो. डॉक्टरीणबाईंना विचारून. त्यातलं खायचं, त्याच्या बाहेरचं नाही. संकष्टी होईल. पण आत्ता गाडीत बसायचं. मशीनवरच्या माणसाने मशीन सोडायचं बोलू नये. अपशकुन होतो, बाकीच्यांना."

"आन् बाई नाय म्हनल्या तर?"

"तर मी पण मशीनवर जाणार नाही. दोघं मिळून मरू. हे पेपरवाले बातमी देतील."

"आरं द्येवा," फुलाबाई म्हणाल्या. "ह्यो मानूस." आणि सुनेला म्हणाल्या, "सुवर्णा, माजी शाल आन."

दुपारच्या पाळीत एक मशीन रिकामं होतं. त्यांना त्यावर घेतलं गेलं.

डॉ. साठे उपवासाची परवानगी द्यायला तयार नव्हत्या. युसूफभाई त्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिले. शेवटी त्यांनी आत बोलावलं. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलं, पण त्यातलं समान असं : युसूफभाई एकेका पदार्थाचं नाव घेत गेले आणि डॉक्टर हो किंवा नाही म्हणत गेल्या. रताळं नाही. बटाटा नाही. शेंगदाणे नाहीत, कूटही नाही. शहाळ्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. साबुदाणा चालेल, त्यात पोटॅशियम नावालाच असतं. तुपावर जिरं, हिरवी मिरची. खिचडी एक वाटी. सफरचंद अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी, किंवा त्याऐवजी पेअर. पाणी नेहमीचंच, मोजून. चंद्रोदयानंतर जेवण नेहमीच्या तक्त्याप्रमाणे. आणि अट एक : उपवासाच्या नंतरच्या डायलिसिसला, मशीन लावण्याआधी, रक्त तपासायचं. आकडा साडेपाचच्या वर गेला तर हा उपवास शेवटचा.

"मी हो म्हटलेलं नाही," डॉ. साठे म्हणाल्या. "ती करणारच आहे, म्हणून निदान कसं करायचं ते सांगितलं."

"माझ्या दुकानात यालाच हो म्हणतात, मॅडम."

दाण्याच्या कुटाशिवायची खिचडी पहिल्यांदा केली तेव्हा फुलाबाईंनी निषेध नोंदवला. "वाळूत तूप घातल्यागत लागतं," त्या विभागात म्हणाल्या. युसूफभाईंनी उत्तर दिलं, "उपास आहे आक्का, लग्न नाही." त्या संकष्टीनंतरचा आकडा पाच पूर्णांक तीन आला. सिस्टर अलकाने तो मोठ्याने वाचून दाखवला. युसूफभाईंनी स्वतःचा हात कानाला लावला आणि फुलाबाईंकडे बघून म्हणाले, "गोड आहे."

त्यानंतर दुकानातही बदल झाला. उपासाची पिशवी मागायला कुणी आलं की युसूफभाई आधी विचारत, "घरात कुणी मशीनवर आहे का? कुणाला किडनीचा त्रास?" गिऱ्हाइकं चक्रावत. नारायण पेठेतून सून-मुलाकडे राहायला आलेले एक गृहस्थ त्यांच्यासमोर उभे होते तेव्हा मी तिथे होतो.

"अहो, केळी हवी आहेत. सहा."

"घरात कुणी मशीनवर?"

"शिलाई मशीन आहे एक. त्याला केळी लागत नाहीत. आपण फळं विकता की मुलाखत घेता?"

"एकदा न विचारता विकली होती, साहेब. म्हणून विचारतो."

गृहस्थ थांबले. मग म्हणाले, "माझ्या व्याह्यांची किडनी जराशी खराब आहे म्हणतात. ते उद्या यायचे आहेत." युसूफभाईंनी सहातली दोन केळी काढून ठेवली आणि पिशवीत दोन सफरचंदं टाकली. "ही व्याह्यांना. केळी तुम्ही खा. आणि त्यांना डॉक्टरांना विचारायला सांगा, मला नाही."

आंबा हा त्यांच्या आयुष्यातला मोठा विषय होता. पेटी उघडायच्या आधी ते दोन्ही हात फळीवर ठेवून थोडे वाकत आणि वास घेत. बाग कुठली, झाडावर किती पिकला, वाटेत किती, हे सांगत. चूक क्वचित होई. किडन्या गेल्यावर वास तेवढा राहिला. "नाकाला पोटॅशियम लागत नाही," म्हणत. मोसमात विभागातल्या प्रत्येकाच्या घरी एक पेटी जाई, आणि पेटीसोबत निरोप, की हे घरच्यांसाठी, रुग्णाने फक्त हुंगायचं.

मे महिन्यातल्या त्या सोमवारनंतर विभागात बोलणं सुरू झालं की बागवान आंब्याने गेले. आदल्या दिवशी रविवार होता, लांब अंतराचा दुसरा दिवस. दुकानात मोसमातल्या सर्वात चांगल्या पेट्या उतरल्या होत्या. कुणीतरी त्यांना आंबा खाताना पाहिलं, असं सांगितलं जात होतं. पाहणारा कोण, ते विचारल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घेत होता.

मी इम्रानला विचारलं. त्याने सांगितलं ते असं. रविवारी दुपारी वडिलांनी घरी एक पायरी कापली. दोन्ही बाजूंच्या फोडी नातीला दिल्या. कोय त्यांच्या हातात होती. तेवढ्यात दुकानातून फोन आला म्हणून इम्रान खाली गेला. परत आला तेव्हा कोय ताटलीत होती, आणि वडील हात धुऊन बसले होते. नात सहा वर्षांची आहे. आजोबांनी कोय खाल्ली का, असं तिला घरात कुणी विचारलेलं नाही, आणि विचारायचं नाही असं ठरलं आहे.

डॉ. साठेंनाही मी विचारलं. रक्त तपासलं गेलं नव्हतं. शवविच्छेदन झालं नाही, त्याची गरजही नव्हती. लांब अंतराच्या शेवटी डायलिसिसच्या रुग्णाचं हृदय अचानक थांबू शकतं, पथ्य पाळूनही थांबतं, असं त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. लिहिणार असाल तर तेवढंच लिहा."

फुलाबाई मंगळवारी बागवानांच्या घरी जाऊन आल्या. बायकांमध्ये बसल्या. बुधवारी डायलिसिसला आल्या, आणि खिडकीजवळच्या खाटेकडे पाठ होईल अशा कुशीवर चार तास पडून राहिल्या. सिस्टर अलकाने नळ्या ओढल्या जातील म्हणून दोनदा सरळ व्हायला सांगितलं. दोन्ही वेळा त्या सरळ झाल्या आणि पुन्हा वळल्या. जाताना सुवर्णाला म्हणाल्या, "आता पिशवी कोन भरनार? आता रताळंच आनू मग."

सुवर्णाने ते सिस्टरला सांगितलं, सिस्टरने डॉक्टरांना. डॉ. साठेंनी फुलाबाईंना काही म्हटलं नाही.

पुढची संकष्टी जूनमध्ये आली. आदल्या दिवशी संध्याकाळी इम्रान धानोरीला गेला. त्याला कुणी सांगितलं होतं, हे त्याने सांगितलं नाही. पिशवीत एक सफरचंद, एक पेअर आणि साबुदाण्याची पुडी होती. फुलाबाईंनी पिशवी ओसरीवर उलटी करून पाहिली. मग विचारलं, "येवढंच?"

"अब्बांनी एवढंच सांगितलंय," इम्रान म्हणाला.

उपवासानंतरच्या डायलिसिसला, मशीन लावण्याआधी, सिस्टर अलकाने फुलाबाईंचं रक्त घेतलं. रिपोर्ट दुपारी आला. पोटॅशियम पाच पूर्णांक एक.